अक्षर दिसावं, ऐकूही यावं

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली इथे जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं या एकाच विषयाला दिला आहे. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहिलं तर म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचं असावं, असं ते त्यात बजावतात. ओळीला ओळ लागू नये, मात्रा-वेलांट्या शेजारच्या ओळीत घुसू नयेत, पानाच्या चहूबाजूंनी कोरी जागा राहावी, हेही सांगतात. संकेतस्थळ बांधायला शिकणाऱ्या आजच्या मुलांना हीच तीन कलमं फॉन्ट साइज, लाइन हाइट आणि मार्जिन या नावांनी शिकवली जातात.

पुढे कोण वाचणार आहे, त्याचे डोळे कसे असतील, याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच करायचा. वेबसाइट सगळ्यांसाठी सुगम करणं म्हणजे मुळात एवढंच. फरक इतकाच की आता वाचणारा डोळ्यांनीच वाचेल असं नाही. कोणी कानाने वाचतो, कोणी ब्रेल पट्टीवर बोट फिरवून, कोणी अक्षर चौपट मोठं करून.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार ४६. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. पण अडणाऱ्यांचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. मोतीबिंदू पिकत आलेले आजोबा कोणत्याही यादीत नसतात. मळणी यंत्रात दोन बोटं गेलेला शेतकरी प्रमाणपत्र काढायला गेलेला नसतो. एप्रिलच्या उन्हात मोंढ्यात उभं राहून फोनवर भाव बघणाऱ्याची नजर धड असते, तरी पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर त्यालाही दिसत नाही. कडेवर मूल घेतलेल्या बाईचा एकच अंगठा मोकळा असतो. या सगळ्यांना जे लागतं ते जवळपास एकच आहे, आणि त्यातला बराचसा भाग फुकट करता येतो.

जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ हे जवळचं उदाहरण. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, एस-थ्री-वास या सामायिक चौकटीवर उभं आहे. तिच्या नावातल्या तीन ‘एस’पैकी एक चक्क ‘सुगम्य’चा आहे. अक्षर लहान-मोठं करायची सोय, गडद पार्श्वभूमीचा पर्याय, वरची लांबलचक सूची ओलांडून थेट मजकुरावर जायचा दुवा, मराठी-इंग्रजी अदलाबदल हे सगळं अशा चौकटीत तयार मिळतं. गावातलं कॉलेज, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र किंवा मोसंबीचा बागायतदार ज्या कुणाकडून वेबसाइट करून घेतो, त्याला हे पान दाखवून ‘एवढं तरी हवं’ असं निश्चित म्हणता येईल. मात्र चौकट कितीही चांगली असली तरी आत रोज जे चढवलं जातं ते माणूस चढवतो, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो.

मराठी वेबसाइटचा सगळ्यात मोठा अडथळा कोणता, असं विचारलं तर उत्तर एका शब्दात देता येतं: चित्र. प्रवेशाची सूचना, बैठकीची तारीख, भावफलक, दवाखान्याची वेळ, सगळं डीटीपीवाल्याकडून फ्लेक्ससारखं सजवून जेपीजी म्हणून टाकलं जातं. डोळस माणसाला त्यात तारीख दिसते. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनवरचा टॉकबॅक तिथे आला की फार तर ‘प्रतिमा’ एवढं म्हणतो आणि पुढे जातो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतो, पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचतो. पण वाचायला अक्षर तर हवं! चित्रातली अक्षरं ओळखण्याची सोय नव्या फोनमध्ये येऊ लागली आहे, तरी नक्षीदार जोडाक्षरांपुढे तिच्यावर विसंबून अर्जाची शेवटची तारीख ठरवणं धोक्याचं. चित्र जरूर ठेवावं, पण तोच मजकूर खाली साध्या अक्षरांत टाइप केलेला असावा. दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय गूगलवर शोधणाऱ्याला ती सूचना सापडू लागते, हा वरचा फायदा.

दुसरा अडथळा दिसतच नाही, म्हणून जास्त फसवा. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे जुने फॉन्ट डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाने आत रोमन अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा सदरा घालतो. कृतिदेवमध्ये ‘जालना’ हा शब्द आत टी, के, वाय, यू, के असा असतो. डोळ्यांना जालना दिसतं, वाचक-सॉफ्टवेअरला ‘टीकेवाययूके’ ऐकू येतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर ‘ज’ म्हणजे ‘ज’च साठवला जातो आणि कुठल्याही फोनवर ‘जालना’च वाचला जातो. ओळखायची युक्ती सोपी आहे: मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवावा. तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर तो युनिकोड नाही. मजकूर बदलून देणारी रूपांतरकं फुकट मिळतात, पण रफार, ऱ्ह-ऱ्यासारखी अक्षरं आणि आकडे नंतर एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

हीच गोष्ट पीडीएफची. सही-शिक्क्यासाठी कागद छापायचा, मग तो स्कॅन करून चढवायचा, ही कार्यालयांची जुनी सवय. त्या पीडीएफवर बोट दाबून एखादा शब्द निवडून पाहावा. शब्द निवडला गेला नाही तर ते पीडीएफ नुसता फोटो आहे. सही लागतेच तर स्कॅनसोबत मूळ टाइप केलेली फाइलही चढवावी. जुने कागद असतील तर गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडले की मराठी छपाईही बऱ्यापैकी अक्षरांत उतरते. रक्कम, तारीख, गट क्रमांक मात्र हाताने ताडून घ्यावेत. सातबाऱ्याच्या गट क्रमांकात एक आकडा चुकला तर काय होतं ते इथे कुणाला सांगायला नको.

मजकूर खरा अक्षरांचा झाला की पुढचा प्रश्न, तो कोणत्या आवाजात वाचला जावा. प्रत्येक पानाच्या पोटात भाषेची एक खूण असते. तयार साच्यावर बनवलेल्या असंख्य मराठी पानांत ती ‘इंग्रजी’ अशीच राहून गेलेली असते, कारण साचा इंग्रजीतला होता. मग इंग्रजी आवाज देवनागरीपुढे अडखळतो किंवा गप्प बसतो. खूण ‘हिंदी’ असेल तर हिंदी आवाज वाचतो, पण ५० हा आकडा ‘पचास’ होतो आणि पाठोपाठ उच्चारांचे हाल. तांत्रिक माणसाला एवढंच सांगावं की पानाची लँग खूण ‘एमआर’ करा, आणि मध्ये इंग्रजी परिच्छेद असेल तर त्याला वेगळी ‘ईएन’ खूण द्या. एका शब्दाची दुरुस्ती. काही चांगल्या फॉन्टमध्ये या खुणेमुळे ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे उमटतात.

चित्रांना द्यायच्या पर्यायी मजकुराबद्दल, म्हणजे ऑल्टबद्दल, थोडं थांबायला हवं, कारण इथे लिहिणाऱ्याची पारख लागते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. समजा एका बागायतदाराने विक्रीसाठी पान केलं आणि पेटीचा फोटो टाकला. त्याला ‘आयएमजी २०४५’ असं नाव राहू दिलं तर ते निरुपयोगी. ‘फोटो’ असं लिहिलं तरी निरुपयोगी. ‘सुंदर ताजी रसाळ मोसंबी’ ही जाहिरात झाली, वर्णन नव्हे. ‘पुठ्ठ्याच्या पेटीत मांडलेली पिवळसर हिरवी मोसंबी, पेटीवर १० किलो असं छापलेलं’ असं लिहिलं तर न बघणाऱ्या गिऱ्हाइकालाही बघणाऱ्याइतकीच माहिती मिळाली. नुसती सजावटीची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट कोरा ठेवावा, म्हणजे वाचक-सॉफ्टवेअर ती गाळून पुढे जाईल. कोरा ठेवणं आणि मुळात न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेबसाइट करणाऱ्याला माहीत असतं, नसेल तर माहीत व्हायला हवं.

हा पर्यायी मजकूर किती महत्त्वाचा, याचा दाखला सिडनीने घालून दिला. २०००च्या ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, म्हणून ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. एवढ्या मोठ्या सोहळ्याचं संकेतस्थळ अडलं ते अशा बारीक ओळींसाठी.

अर्ज भरताना माणूस सर्वांत जास्त अडतो. बऱ्याच अर्जांत ‘मोबाइल क्रमांक’ हे शब्द चौकटीच्या आतच फिकट लिहिलेले असतात, टाइप करायला लागलं की ते गायब. विसरभोळ्या माणसाची पंचाईत होते, आणि वाचक-सॉफ्टवेअरला चौकट कशाची ते कळेलच असं नाही. नाव चौकटीच्या बाहेर, वर, कायम दिसणारं असावं आणि आतून त्या चौकटीला जोडलेलं असावं. चूक झाली की चौकट नुसती लाल करू नये, ‘मोबाइल क्रमांकात नऊच आकडे आहेत, दहा हवेत’ असं शब्दांत सांगावं. देवनागरी ९ आणि इंग्रजी आकडा दोन्ही स्वीकारले जावेत. कीबोर्ड मराठीवर होता म्हणून अर्ज नाकारला जाणं हा अन्याय आहे. जन्मतारखेसाठी उलटत जाणारं कॅलेंडर म्हणजे १९५८ साली जन्मलेल्या आजींना एकेक महिना मागे ढकलत शेकडो वेळा बोट मारायला लावणं. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी पुरतात. आडनाव सक्तीचं करू नये, काहींना ते नसतं. ओटीपीची मुदत पुरेशी हवी, कारण घरात एकच फोन असतो आणि तो कधी शेतात गेलेला असतो.

आणि कॅप्चा. वाकडी अक्षरं ओळखून लिहा, ही अट दृष्टिहीनाला दारातूनच परत पाठवते. ध्वनी कॅप्चा दिला तरी तो बहुधा इंग्रजीत बोलतो. वेबसाठीच्या जागतिक निकषांची, म्हणजे डब्ल्यूसीएजीची, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली, तिने लॉगिनसाठी डोक्याची परीक्षा घेऊ नये, पर्याय द्यावा, असा निकष घातला आहे. लहान संस्थेला तर कॅप्चाची गरजच क्वचित पडते.

रंगांचा हिशेब आकड्यांत मांडता येतो, म्हणून त्यावर वाद घालायचं कारण नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातलं प्रमाण साध्या मजकुरासाठी निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या मथळ्यांना ३ ला १ चालतं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळं अक्षर १.०७ ला १ येतं, म्हणजे जवळजवळ अदृश्य. नेहमीचा नारिंगी दोनच्याही खाली. शुद्ध लाल चारच्या आसपास, म्हणजे बारीक अक्षरांना तोही अपुरा. मोसंबीच्या रंगाची हौस असेल तर ती पट्टीला वापरावी आणि तिच्यावर काळी अक्षरं काढावीत. भाव चढला की हिरवा, उतरला की लाल, एवढ्यावर भागवू नये, रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखेच. जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होते, धान्य येतं. असे भाव दाखवणाऱ्या कुठल्याही पानावर आकड्यापुढे ‘वाढ’ किंवा ‘घट’ हा शब्द असला तर सगळ्यांचं काम होतं. बोटाने दाबायची बटणं डब्ल्यूसीएजी २.२नुसार निदान २४ पिक्सेल हवीत. ४४ असली तर नांगर धरलेल्या बोटांनाही नेमकी सापडतात. आणि दोन बोटांनी पान मोठं करायची सोय डिझाइन बिघडतं म्हणून बंद करून ठेवणं कधीही माफ करू नये. समर्थांनी सांगितलेलं ओळींमधलं अंतर इथे उपयोगी पडतं: देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवावी.

कॉलेजांच्या मुखपृष्ठावरची चालती पट्टी शक्यतो काढूनच टाकावी, ठेवायची तर थांबवायचं बटण द्यावं. ‘येथे क्लिक करा’ असं दहा ठिकाणी लिहू नये. दृष्टिहीन वाचक अनेकदा फक्त दुव्यांची यादी ऐकतो आणि त्याला दहा वेळा तेच ऐकू येतं. ‘अकरावी प्रवेश अर्ज उघडा’ असं लिहावं. व्हिडिओला मराठी कॅप्शन असाव्यात, त्या आपोआप तयार झाल्या असतील तर वाचून दुरुस्त कराव्यात. पीक, औषध, मात्रा यांच्या नावांत चूक राहिली तर नुकसान खरं होतं.

भाषाही अडवू शकते. ‘सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या पात्र अर्जदारांनी विहित नमुन्यात’ हे वाक्य कानाने ऐकताना अर्थापर्यंत पोचायच्या आधीच विरतं. ‘हा अर्ज कोण करू शकतं’ असा मथळा आणि खाली चार छोटी वाक्यं केली तर सेतू केंद्रातल्या रांगेतली निम्मी विचारणा थांबेल. आणि वेबसाइटवर जागेची माहितीही हवी. मंगल कार्यालयाला किती पायऱ्या, दवाखान्यात चाकाची खुर्ची आत जाते का, मंदिरात उतार आहे की नाही, हे पानावर लिहिलेलं नसेल तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ते तिथे पोचल्यावरच कळतं.

कायदा या बाजूने आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत आणि सेवा देणाऱ्या सरकारी तसंच खासगी संस्थांना सुगमतेचे नियम पाळायला सांगितलं आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक हवेत असं ठरवलं. ३० एप्रिल २०२५चा निकाल आणखी थेट आहे. आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तींना बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगितलं जात होतं. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्या खटल्यात म्हटलं. सरकारी संकेतस्थळांना त्यांच्यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची, म्हणजे जीआयजीडब्ल्यूची, तिसरी आवृत्ती लागू आहे, खासगी ठिकाणी आयएस १७८०२ हे भारतीय मानक हाताशी धरता येतं.

बाजारात मात्र ‘एक ओळ चिकटवा, साइट सुगम झाली’ असं सांगणारी विजेटं विकली जातात. त्यांच्या नादी लागू नये. अ‍ॅक्सेसिबी या अशाच एका कंपनीने आपलं साधन कोणतीही साइट निकषांत बसवतं असा दावा केला होता, त्यावरून २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. आतला मजकूर चित्रातच राहिला तर वरून लावलेलं कुठलंही बटण त्याला बोलकं करत नाही.

खरी तपासणी घरच्या घरी होते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅक सुरू करावा, पडद्यावर रुमाल टाकावा आणि आपल्याच साइटवरून एक पेटी मोसंबी मागवून पाहावी. संगणकावर माउस काढून ठेवावा आणि फक्त टॅबचं बटण दाबत अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. आपण कुठे आहोत ते दिसेनासं झालं की तिथे दोष आहे. विंडोजवर एनव्हीडीए हे वाचक-सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६मध्ये ते सुरू केलं, कारण विकत मिळणारी सॉफ्टवेअरं परवडणारी नव्हती. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले आणि सापडलेल्या दोषांपैकी ९६ टक्के फक्त सहा प्रकारांत मोडले: फिकट रंग, ऑल्ट नसणं, चौकटींना नावं नसणं, रिकामे दुवे, रिकामी बटणं आणि भाषेची खूण नसणं. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुतेक संस्थांना सुधारायचं काम एका शनिवार-रविवारचं आहे. यंत्राच्या तपासणीवर थांबू नये. एखाद्या दृष्टिहीन किंवा कर्णबधिर विद्यार्थ्याला साइट वापरायला द्यावी आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. तो जे दाखवील ते यंत्राला दिसत नाही.

शेवटचं पान संपर्काचं. तिथे ‘साइट वापरताना अडचण आली तर कळवा’ अशी ओळ असावी आणि शेजारी माणसाने उचलायचा नंबर. त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप संदेशही चालतो हे लिहावं, कारण कर्णबधिर माणूस फोन करू शकत नाही. आणि बोललेला निरोपही चालतो हेही लिहावं, कारण काहींना टाइप करता येत नाही. नंबर चित्रात नको, अक्षरांत हवा, म्हणजे त्याच्यावर बोट ठेवलं की फोन लागेल.